कपाटाची किल्ली : किशोरवयीन वाचक आणि सार्वजनिक ग्रंथालय

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांचा इतिहास आजवर प्रामुख्याने संस्थापक, देणगीदार, इमारती आणि ग्रंथसंख्या यांच्या आधारे लिहिला गेला आहे. ग्रंथालयात कोणती पुस्तके यावीत, ते कोणत्या वेळी उघडे असावे, पुस्तक हरवल्यास काय करावे आणि दारात आलेल्या वाचकाला आत कोठपर्यंत जाऊ द्यावे, हे प्रत्यक्षात कोण ठरवीत होते, हा प्रश्न त्या इतिहासात क्वचितच विचारला जातो. साधारण बारा ते अठरा वर्षे वयाच्या वाचकांच्या बाबतीत तर तो जवळजवळ विचारलाच जात नाही. या वयाच्या मुलामुलींना ग्रंथालयाच्या कारभारात सहभागी करून घेणे ही अलीकडे परदेशातून आलेली कल्पना आहे, असा एक समज आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. विद्यार्थ्यांच्या मंडळ्या, वसतिगृहे आणि हस्तलिखित मासिके यांच्या रूपाने ही प्रथा मराठी मुलखात आणि त्याच्या शेजारी शंभर वर्षांपूर्वी चांगली रुजलेली होती, आणि ग्रंथालयांना कायद्याचा आधार मिळाल्यानंतरच्या काळात ती क्षीण होत गेली. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कशेळे हे गाव या प्रथेकडे पाहण्यासाठी उपयुक्त ठरते, कारण उसने देण्याघेण्याचा व्यवहार कोणाच्या हाती असावा, या प्रश्नाचे एक उत्तर या परिसराने पुस्तकांच्या नव्हे, धान्याच्या संदर्भात दिलेले आहे.

कशेळे हे कर्जत तालुक्याच्या पूर्व भागातील, कर्जत-मुरबाड रस्त्यावरचे गाव असून खांडसमार्गे भीमाशंकरकडे जाणारी आणि आंबिवलीच्या कोथळीगडाकडे वळणारी वाट येथूनच फुटते. आजूबाजूच्या डोंगरउतारावरील वाड्यांमध्ये ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. पावसाळ्यातील भात, डोंगरावरची नाचणी-वरी आणि जंगलातील वेचणी यांवर या वाड्यांचे जीवन पिढ्यान्‌पिढ्या अवलंबून राहिले. शिवाय कातकरी कुटुंबांचा मोठा भाग दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जातो व पावसाच्या तोंडाशी परततो. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, त्यानंतर तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. लोहमार्ग मात्र फार पूर्वीच, १८५६ मध्ये, कर्जत ओलांडून खोपोलीपर्यंत पोहोचला होता आणि १८६३ मध्ये बोरघाटही रेल्वेने पार झाला. मुंबई-पुण्याच्या मधोमध असूनही रुळापासून काही कोस आत असलेल्या गावांना त्या दोन शहरांतील वाचनसंस्कृतीचा स्पर्श फार उशिरा झाला. तालुक्यातील माथेरान या थंड हवेच्या ठिकाणी करसनदास मुळजी या गुजराती सुधारकाच्या स्मरणार्थ नगरपालिकेचे वाचनालय उभे राहिले. हवापालटासाठी येणाऱ्यांच्या त्या डोंगरावर पुस्तकांची सोय झाली, तरी पायथ्याच्या वाड्यांतील मुलांसाठी त्या काळात अक्षरओळखीचीही व्यवस्था नव्हती.

ही व्यवस्था उभारण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न माथेरानमधूनच झाला. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे नाभिक कुटुंबात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे वकील आणि माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. १९४२ च्या आंदोलनात विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे नेते आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह धारातीर्थी पडलेले हुतात्मे म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. परंतु भूमिगत होण्यापूर्वी त्यांनी कर्जत तालुक्यात गरीब मुलांसाठी स्वयंसेवी शाळा आणि शेतकऱ्यांसाठी धान्यकोष सुरू केले होते, हा त्यांच्या कार्याचा भाग त्या मानाने मागे पडला. धान्यकोष म्हणजे गावाचे सामाईक धान्य. आषाढ-श्रावणात घरातील कणगी रिकामी झाली की आदिवासी शेतकऱ्याला सावकाराकडून दिढीने, म्हणजे मणाला दीड मण परत देण्याच्या बोलीने, भात आणावे लागे आणि पीक हाती आल्यावर त्यातील मोठा वाटा खळ्यावरूनच निघून जाई. धान्यकोषात मात्र उसने घेणारा आणि साठ्याचा मालक एकच असल्याने परतफेडीची वाढ माफक राही व तीही पुन्हा त्याच साठ्यात जमा होई. पुढे १९८० च्या दशकात कशेळे येथील अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने परिसरातील आदिवासी वाड्यांमध्ये हीच पद्धत नव्याने बसवली. प्रत्येक वाडीने साठा कोठे ठेवायचा, कोणाला किती द्यायचे आणि बुडव्याचे काय करायचे हे बैठकीत ठरवावे, अशी तिची रचना होती. सार्वजनिक ग्रंथालयही मुळात उसनवारीचीच संस्था आहे, आणि तिच्या इतिहासात धान्यकोष व सावकार या दोन्ही प्रकारांचे नमुने सापडतात.

एकोणिसाव्या शतकातील पहिली ग्रंथालये या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. रत्नागिरीचे १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे आणि कल्याणचे १८६४ चे ग्रंथालय ही त्यांतील ठळक नावे होत. सरकारी अधिकारी, सरदार, वकील, शिक्षक आणि व्यापारी यांच्या वर्गणीवर ती चालत. जो वर्गणी देई त्यालाच पुस्तक मिळे आणि पुस्तकांची निवडही साहजिकच वर्गणीदारांच्या आवडीनुसार होई. शाळकरी मुलगा तेथे गेला तर वडिलांचे पुस्तक बदलून आणण्यापुरताच जाई. मात्र याच काळात मुंबईत एक निराळी घडामोड झाली. एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी आणि तरुण शिक्षक यांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली, तिच्या मराठी व गुजराती शाखा ज्ञानप्रसारक मंडळ्यांच्या रूपाने उभ्या राहिल्या आणि पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, याच तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या. विशीच्या आगेमागे असलेले हे विद्यार्थी निबंध लिहीत, सभेत वाचीत आणि जे स्वतः वाचले ते इतरांपर्यंत कसे न्यावे याचा विचार करीत. वाचणाऱ्यांनीच ज्ञानाची व्यवस्था चालवावी, ही कल्पना मराठी मुलखात या मंडळ्यांपासून दिसू लागते. या मंडळ्या शहरी आणि उच्चशिक्षित होत्या, ही त्यांची मर्यादा मान्य करूनही त्यांचे हे श्रेय नाकारता येत नाही.

त्या मर्यादेच्या पलीकडच्या मुलाची स्थिती काय होती, हे भीमराव आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेतून स्पष्ट होते. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणारा हा मुलगा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तेथेच विल्सन हायस्कूलमधील शिक्षक आणि चरित्रकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची त्याच्याशी ओळख झाली, त्यांनी त्याला पुस्तके दिली आणि १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाल्यावर भरलेल्या अभिनंदनाच्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एका जाणत्या वाचकाने एका किशोरवयीन वाचकाला हाताशी धरले, त्याचे फळ सर्वांसमोर आहे. पण मुंबईसारख्या शहरात अशा मुलाला वाचण्यासाठी सार्वजनिक बागेचा आधार घ्यावा लागत होता, ही गोष्ट त्या काळच्या ग्रंथालयव्यवस्थेविषयी बरेच काही सांगून जाते. पुढे डॉ. आंबेडकरांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली तेव्हा वसतिगृहे, ग्रंथालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग काढणे हे सभेच्या उद्दिष्टांत आरंभीच नमूद केले गेले. सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूर येथे माध्यमिक शाळेतील मुलांसाठी वसतिगृह सुरू केले, मुंबईत मोफत वाचनालय चालवले, आणि सोलापूरच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांकडून ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक काढवले.

या मासिकाचे महत्त्व त्याच्या साहित्यिक गुणांपुरते मर्यादित नाही. वसतिगृहातील मुलांनी मासिक चालवायचे म्हणजे काय छापण्याजोगे आहे याचा निर्णय त्यांनी घ्यायचा, त्यासाठी इतर नियतकालिके मागवायची, ती वाचायची, त्यांतून वेचायचे आणि आपल्या समाजाला काय कळले पाहिजे हे ठरवायचे. ग्रंथालयशास्त्र ज्याला ग्रंथनिवड म्हणते, म्हणजे उपलब्ध असंख्य पुस्तकांतून आपल्या वाचकांसाठी नेमकी कोणती घ्यावीत याचा विचार, त्याचेच हे प्रत्यक्ष शिक्षण होते. ज्या समाजातील मुलांना वर्गाबाहेर बसवले जात होते, त्या समाजातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांवर हा विश्वास टाकला गेला, ही घटना महाराष्ट्राच्या ग्रंथालय इतिहासात ठळकपणे नोंदवली जायला हवी होती. कुलाबा जिल्ह्यापुरते पाहिले तर १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह ही याच प्रवाहातील पुढची पावले आहेत. सार्वजनिक म्हणवल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर प्रत्येकाचा हक्क आहे, हे तेथे पाण्याच्या बाबतीत सिद्ध केले गेले आणि वाचनाच्या जागांनाही तोच न्याय लागू होता.

याच दशकात खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी हाताने लिहिलेले ‘छात्रालय’ दैनिक काढले आणि १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. दैनिक गुरुजी स्वतः लिहीत असले तरी वसतिगृहाचे रोजचे जीवन हाच त्याचा विषय असल्याने ते मुलांशी चाललेल्या संवादाचेच रूप होते. त्यानंतरच्या काही दशकांत महाराष्ट्रातील असंख्य माध्यमिक शाळांत वार्षिक हस्तलिखित काढण्याची प्रथा पसरली. चांगले अक्षर असलेल्या मुलांनी लेख उतरवायचे, चित्रकला येणाऱ्यांनी मुखपृष्ठ आणि वेलबुट्टी काढायची, संपादक मंडळाने लेख स्वीकारायचे किंवा नाकारायचे आणि शेवटी पुठ्ठाबांधणी करून तो अंक शाळेच्या वाचनालयात ठेवायचा, असा तो क्रम असे. हस्तलिखिताची प्रत एकच असल्याने ती हातोहात फिरे, आणि तिची देवघेव सांभाळण्याचे काम बहुधा त्याच मुलांकडे येई. वाचक, लेखक आणि ग्रंथपाल या तिन्ही भूमिका एकाच वयातील मुलामुलींनी एकाच वेळी निभावण्याची अशी सोय छापील पुस्तकांच्या व्यवहारात क्वचितच मिळते.

शेजारच्या बडोदे संस्थानात ही प्रथा शाळेबाहेर पडून गावात आली. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण करून राज्यभर मोफत ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास आरंभ केला. गावाने काही रक्कम जमवली की तेवढीच रक्कम पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, अशी ती योजना होती, आणि जेथे ग्रंथालय काढणे शक्य नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवल्या जात. यालाच फिरती ग्रंथालये म्हणत. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी खेळांसह स्वतंत्र विभागही होता. या योजनेचा इतिहास सांगताना महाराज आणि बोर्डन यांना श्रेय दिले जाते आणि ते रास्तच आहे. पण गावोगावी तिला माणसे मिळाली ती मोतीभाई अमीन या शिक्षकामुळे. १८७३ मध्ये जन्मलेल्या मोतीभाईंनी शाळकरी वयातच वसो या गावी विद्यार्थी समाज स्थापन करून वाचनाचा उपक्रम सुरू केला होता, आणि पुढे शिक्षक झाल्यावर मित्रमंडळ या नावाने गावोगावच्या तरुणांची वाचनालये उभारली. राज्याची योजना आली तेव्हा तिला कार्यकर्त्यांची तयार फळी मिळाली ती येथूनच. केरळमध्येही असेच घडले. तेथील ग्रंथालय चळवळीचे प्रवर्तक पी. एन. पणिक्कर यांचा जन्म १९०९ चा, आणि त्यांनी आपल्या गावात पहिले वाचनालय काढले ते १९२६ मध्ये, म्हणजे सतराव्या वर्षी. त्यांनी घडवलेल्या चळवळीतील गावग्रंथालयांमध्ये आज बालवेदी म्हणजे मुलांची मंडळे असतात. भारतातील दोन यशस्वी ग्रंथालय चळवळींची बीजे पौगंडावस्थेतील मुलांनी पेरलेली असावीत, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. त्या वयात माणसाला वाचनाची जी ओढ असते आणि आपले वाचन दुसऱ्याला सांगण्याची जी निकड असते, ती पुढे संसाराच्या धबडग्यात तशीच टिकत नाही.

मुंबई प्रांतात सरकारने ग्रंथालयांचा व्यवस्थित विचार केला तो १९३९ मध्ये नेमलेल्या फैजी समितीच्या रूपाने. असफ अली असगर फैजी या कायदेपंडितांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४० मध्ये प्रांताच्या मध्यवर्ती ग्रंथालयापासून विभाग, जिल्हा, तालुका आणि गाव अशा पायऱ्यांनी उतरणारी रचना सुचवली, आणि तिच्यातील काही भाग १९४७ नंतर अमलात आला. स्वतंत्र महाराष्ट्र राज्याने १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम केला व त्यानुसार १९६८ मध्ये ग्रंथालय संचालनालय स्थापन झाले. मद्रास राज्याच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे ग्रंथालय उपकर न बसवता लोकांनी उभारलेल्या नोंदणीकृत संस्थांना मान्यता आणि अनुदान देण्याचा मार्ग महाराष्ट्राने पत्करला. १९७० च्या नियमांनुसार ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके आणि कामाचे दिवस यांसारख्या निकषांवर ग्रंथालयांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग पाडले जातात व त्याप्रमाणे अनुदान मिळते. या धोरणामुळे राज्यात अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त ग्रंथालये उभी राहिली, खेड्यापाड्यांत वर्तमानपत्र पोहोचले आणि तुटपुंज्या मानधनावर का होईना, हजारो ग्रंथपालांना काम मिळाले. ही कामगिरी लहान नाही.

तथापि या चौकटीत किशोरवयीन वाचकाची जागा हरवली. अनुदान घेणारी संस्था विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली असल्याने तिचे मतदार सभासद प्रौढ असतात. कार्यकारी मंडळ, ग्रंथनिवड समिती आणि हिशेब हे सर्व त्यांच्याकडे राहते. मुलांसाठी बालविभाग असतो, परंतु त्यातील गोष्टींची आणि चित्रांची पुस्तके दहा-अकराव्या वर्षी संपतात. प्रौढांच्या विभागात अनामत रक्कम आणि पालकांची सही लागते, आणि तेथील कपाटे कादंबऱ्यांनी, चरित्रांनी व अलीकडे स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांनी भरलेली असतात. लहान ग्रंथालयांत अजूनही बंद कपाटांची पद्धत आढळते, म्हणजे वाचकाने यादीत पाहून पुस्तकाचे नाव सांगायचे आणि ग्रंथपालाने ते काढून द्यायचे. याउलट मुक्तद्वार पद्धतीत वाचक स्वतः फडताळापर्यंत जाऊन पुस्तक हाताळतो. आपल्याला काय हवे आहे हेच अजून नक्की न कळलेल्या वयात नाव सांगून पुस्तक मागण्याची अट फार जाचक ठरते, विशेषतः ज्या मुलीला स्वतःच्या शरीराविषयी, लग्नाच्या वयाविषयी किंवा घर सोडून शिकायला जाण्याविषयी वाचायचे आहे तिच्यासाठी. पुस्तक हरवण्याची भीती खरी असते आणि तपासणीच्या वेळी दाखल नोंदवहीतील, म्हणजे प्रत्येक पुस्तकाच्या आगमनाची क्रमवार नोंद ठेवणाऱ्या वहीतील, प्रत्येक क्रमांकाचा हिशेब द्यावा लागतो, हे मान्य केले तरी, ज्यांच्यासाठी पुस्तके घ्यायची त्यांनाच ती ठरवण्यापासून दूर ठेवण्याचे समर्थन त्यातून होत नाही. राज्यात बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत असताना आणि मुले ते आवडीने वाचत असतानाही त्यांना ग्रंथालयाच्या एकाही निर्णयात स्थान मिळू नये, ही या धोरणाची खरी उणीव आहे.

जगातही या वयोगटाकडे स्वतंत्रपणे पाहण्याची सुरुवात फार जुनी नाही. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने १९१९ मध्ये मेबल विल्यम्स यांच्याकडे शाळा आणि तरुण वाचक यांच्याशी संबंधित काम सोपवले तेव्हापासून अमेरिकेत किशोरवयीनांसाठी वेगळे कक्ष आणि पुढे त्यांची सल्लागार मंडळे निर्माण झाली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाने मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे मत ऐकले जावे आणि त्यांच्या वयानुसार व समजेनुसार त्याला वजन दिले जावे, हे तत्त्व मांडले. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. सोलापूरच्या वसतिगृहात १९२५ मध्ये जे केले गेले, त्याला हा आंतरराष्ट्रीय आधार बऱ्याच उशिरा मिळाला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

कशेळे परिसरात या प्रथेचा विचार आश्रमशाळांना वगळून करता येत नाही. आदिवासी मुलांसाठी निवास, भोजन आणि शिक्षण एकत्र देणाऱ्या या शासकीय शाळांपैकी पाथरज, चाफेवाडी आणि कळंब येथील शाळा याच पट्ट्यात आहेत. वाड्यांतील किशोरवयीन मुलेमुली वर्षाचा मोठा भाग तेथे राहतात आणि दिवाळीत व उन्हाळ्याच्या सुटीत घरी परततात. याचा अर्थ असा की वाडीतील सर्वांत जास्त शिकलेली व्यक्ती पुष्कळदा तेथील चौदा-पंधरा वर्षांची मुलगी असते, आणि ज्या महिन्यांत ती घरी असते त्या महिन्यांत शाळेचे वाचनालय बंद असते. भट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबातील मुलांचे वेळापत्रक याहून निराळे; ती नेमकी शाळेच्या दिवसांत गाव सोडून जातात. सकाळी-संध्याकाळी ठरावीक तास उघडणारे, बाजारगावातील एका खोलीत असलेले ग्रंथालय या दोन्ही गटांना सारखेच दूर पडते. बडोद्याच्या लाकडी पेट्यांची कल्पना अशा ठिकाणी आजही लागू पडणारी आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे देऊन आणि काही महिन्यांनी त्या आपसांत बदलून ती मराठीत पुन्हा रुजवली आहे. पेटी वाडीत कोणाच्या घरी राहील, पावसात ती कोरडी कशी ठेवायची आणि भट्टीवर जाणाऱ्या मुलाने पुस्तक बरोबर न्यावे की नाही, हे प्रश्न संचालनालयाच्या परिपत्रकाने सुटणारे नाहीत. धान्यकोषाच्या बैठका पाहिलेल्या वाड्यांना मात्र ते अपरिचित नाहीत.

शेजारच्या कर्नाटकाने २०२० मध्ये ‘ओदुव बेळकु’ ही मोहीम सुरू करून ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांत सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना मोफत सभासद करून घेतले, आणि त्यामुळे अनामतीची अडचण निदान तेथे दूर झाली. केंद्र सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुलांसाठी आणि किशोरवयीनांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जाहीर केले, आणि त्याचबरोबर पंचायत व प्रभाग पातळीवर प्रत्यक्ष ग्रंथालये उभारण्यास राज्यांना प्रोत्साहन देण्याचे म्हटले. किशोरवय हा शब्द ग्रंथालयविषयक धोरणात इतक्या स्पष्टपणे येणे स्वागतार्ह आहे. परंतु डोंगराआडच्या वाडीत मोबाइलची रेंज मिळण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, तयार साठा पडद्यावर आणून देणे आणि साठा काय असावा हे मुलांकडून ठरवून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साठ्याचा प्रश्न कशेळ्याच्या बाबतीत विशेष निकडीचा आहे. या डोंगरातील ठाकूर समाजाचा विस्तृत अभ्यास एल. एन. चापेकर यांनी केला आणि ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’ हा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. पण तो इंग्रजीत आहे आणि ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांच्या नातवंडांच्या हाती पडण्याची शक्यता नगण्य आहे. शेजारच्या बदलापूरला ना. गो. चापेकरांसारखा लेखक मिळाल्याने १९३३ मध्येच त्या गावाचे समग्र वर्णन मराठी पुस्तकात आले. कशेळे, खांडस, जामरुंग, पाथरज या गावांची शेते, देवस्थाने, भाताच्या जुन्या जाती, औषधी वनस्पती, ठाकरी आणि कातकरी बोलीतील गाणी हे सारे मात्र बहुतांशी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच राहिले आहे. ग्रंथनिवडीच्या सभेत आश्रमशाळेतील मुलामुलींना बसवले तर ती जी पुस्तके मागतील त्यांपैकी काही बाजारात मिळतील आणि काही लिहिलीच गेलेली नसतील. न लिहिलेल्या पुस्तकांसाठी हस्तलिखिताची जुनी पद्धत उपयोगी पडते. आजीकडून ऐकलेले गाणे बोलीत आणि प्रमाण मराठीत समोरासमोर उतरवणे, वरी-नाचणीच्या वाणांची नावे, पेरणीचा काळ आणि दाण्याचा रंग यांची नोंद करणे, वाडीतील धान्यकोष कोणी सुरू केला हे विचारून लिहिणे, ही कामे आठवी-नववीतील मुलांच्या आवाक्यातील आहेत. असे हस्तलिखित पुठ्ठाबांधणी करून गावच्या ग्रंथालयात दिले तर विकत घेतलेल्या पुस्तकाप्रमाणेच त्याला दाखल क्रमांक देता येतो, ते देवघेवीत आणता येते आणि पुढच्या वर्षी नव्या मुलांनी त्यात भर घालण्यासाठी ते त्याच फडताळात सापडते.